शिदोरीचं वजन

चाकणचा संग्रामदुर्ग हा भुईकोट. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाईस्ताखानाच्या फौजेपुढं तो जवळजवळ दोन महिने झुंजवला. हे पुस्तकात आहे. पण त्या काळची माणसं डोंगरवाटेला लागताना फडक्यात काय बांधून घेत असतील, याचा अंदाज मला आजीच्या शिदोरीवरून येतो.

आमचे आजोबा महाशिवरात्रीला पायी भीमाशंकरला जायचे. खेड, वाडा करत वाटेत दोन मुक्काम. आजी बाजरीचं पीठ दुधात मळून दशम्या करायची. पाण्यातली भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते, दशमी दोन-तीन दिवस मऊ राहते. जोडीला शेंगदाणा-लसणाची कोरडी चटणी अन् गहू-डाळं भाजून दळलेलं सातूचं पीठ. पाण्यात गूळ विरघळवून ते कालवलं की झालं, चूल नको. उपवासाच्या दिवसाला शेंगदाणे-गूळ वेगळे बांधलेले. ती म्हणायची, "पाणी वाटंत मिळतंय, घरनं कोरडंच न्यावं."

ते बाजरीचं रान आता कारखान्याखाली आहे. नातू पिंपरीच्या मित्रांबरोबर किल्ले चढतो. परवा त्याच्या पिशवीत नुसती बिस्किटं अन् वेफर्स दिसले, म्हणून सातूचं पीठ दिलं. संध्याकाळी फोन आला, "आजोबा, अजून आहे का? सगळ्यांनी संपवलं."

आहे म्हणालो. गहू विकतचा होता, ते सांगितलं नाही. पुढच्या खेपेला त्यालाच भाजायला बसवणार आहे. रान देता आलं नाही, निदान एवढं तरी हातात द्यावं.