जखम बघून

माझं आजोळ जबलपूरचं, गोलबाजारातलं. घराच्या पडवीत एक लाकडी टेबल होतं आणि त्यावर आजोबांचा जुना टाइपरायटर. त्याची एक कळ दाबली की तिथेच अडकायची, बोटाने वर उचलावी लागायची. आजोबांना आम्ही सगळे नाना म्हणायचो. नागपूरचा हा माणूस 1941 साली इथल्या गन कॅरेज फॅक्टरीत कारकून म्हणून आला आणि इथलाच झाला. तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. 1956 साली प्रांत तुटला, पण नानांचं ‘करून राहिलो, सांगून राहिलो’ शेवटपर्यंत सुटलं नाही.

निवृत्तीनंतर रविवारी सकाळी पडवीत माणसं यायची. बहुतेक माजी फौजी. कुणी काठी टेकत यायचा, कुणाच्या सदऱ्याची एक बाही रिकामी असायची, कुणी वरवर अगदी धडधाकट दिसायचा. प्रत्येकाच्या काखेत कापडी पिशवी आणि पिशवीत कागद. नाना त्यांचे अर्ज टाइप करून द्यायचे. पैसे घेत नसत, फक्त टपालाचं तिकीट ज्याचं त्याने आणायचं.

ही गर्दी जबलपूरलाच का व्हायची, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. हे गाव फौजेचं. तोफांचे गाडे बनवणारी फॅक्टरी इथे 1904 पासून. फौजेच्या संदेशवहन शाखेचं, म्हणजे सिग्नल्सचं, शिक्षण केंद्र इथे, जम्मू-काश्मीर रायफल्सचं केंद्र इथे, ग्रेनेडिअर्सचं केंद्रही पुढे इथेच आलं. शिवाय सिग्नल्सचं रेकॉर्ड ऑफिस इथलंच. साताऱ्याचा किंवा सांगलीचा पोरगा सिग्नल्समध्ये शिरला, की त्याची आख्खी नोकरी जबलपुरात एका फायलीत जमा होते. तो कुठे जखमी झाला, कधी दवाखान्यात होता, कोणत्या कॅटेगरीत गेला, सगळं तिथे. पेन्शनचा अंतिम निकाल मात्र अलाहाबादहून यायचा. म्हणून आमच्या लहानपणी ‘अलाहाबाद’ म्हणजे संगम नव्हे, अलाहाबाद म्हणजे खाकी लिफाफा.

अर्ज टाइप करता करता नाना गोष्टी सांगायचे. त्यांची आवडती गोष्ट प्रतापगडची होती, पण अफजलखानाचा कोथळा हा त्यांच्या गोष्टीचा शेवट नव्हता, तिथून ती सुरू व्हायची. ते म्हणायचे, “लढाई संपल्यावर महाराजांनी काय केलं ते कोणी सांगत नाही. मी सांगून राहिलो, ऐका.” सभासदाच्या बखरीत ते आलं आहे. जे कामी आले त्यांच्या मुलांना पुढे चालवलं. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मं वेतन लावून दिलं. आणि जे जखमी झाले त्यांना पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत दिलं, प्रत्येकाची जखम बघून. पुढे पेशवाईत पडलेल्या शिपायाच्या पोरांसाठी ‘बालपरवेशी’ असा स्वतंत्र शब्दच दप्तरात रूढ झाला. नाना हात थांबवून म्हणायचे, “जखम बघून! शिपायाने अर्ज करायचा नव्हता. धन्याने जखम बघायची होती.”

ही गोष्ट ते इतक्या तळमळीने का सांगत, त्याचं कारण पडवीच्या आत, मधल्या खोलीत बसलेलं असायचं. माझा मामा. नानांचा एकुलता एक मुलगा.

मामा 1965 साली सिग्नल्समध्ये भरती झाला. युद्धाचं वर्ष. केंद्र गावातच, घरापासून सायकलच्या रस्त्यावर, त्यामुळे आजीला तो दूर गेल्यासारखा वाटलाच नाही. मग तो लाइनमन झाला आणि खरोखर दूर गेला. लाइनमनचं काम म्हणजे टेलिफोनची तार ओढणं, तुटली की शोधून जोडणं. तोफ डागणाऱ्याचं नाव होतं, तार जोडणाऱ्याचं होत नाही, पण तार तुटली तर तोफेला हुकूम पोहोचत नाही. 1972 च्या हिवाळ्यात लडाखमध्ये खांबावर चढलेला असताना त्याचा पाय निसटला. खाली बर्फ होतं, बर्फाखाली दगड. उजवा गुडघा फिरला, कंबरेला मार बसला. त्याच्या तुकडीची त्याच आठवड्यात हलवाहलव होती. साथीदारांनी त्याला उचललं, प्लास्टर झालं, पण त्या दिवसाचा इंजुरी रिपोर्ट कुणी भरलाच नाही. तेव्हा त्याचंही त्याला काही वाटलं नाही. हाड जुळलं की झालं, असं विशीतल्या पोराला वाटणारच.

हाड जुळलं, गुडघा नाही. दोन वर्षं तो लो मेडिकल कॅटेगरीत राहिला आणि 1974 साली मेडिकल बोर्डासमोर उभा राहिला. तिथल्या डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला, कोन मोजला, चालायला लावलं. कागदावर दोन गोष्टी आल्या. अपंगत्व 15 ते 19 टक्के. आणि हे अपंगत्व सैनिकी सेवेमुळे झालेलं नाही, सेवेमुळे वाढलेलंही नाही. मामा बोर्ड आउट झाला. नोकरी नऊ वर्षांची, म्हणून पेन्शन नाही. एकरकमी ग्रॅच्युइटी हातात देऊन फौजेने त्याला घरी पाठवलं.

या दोन ओळींचा अर्थ नानांनी मला पुढे नियमांचं पुस्तक उघडून समजावला. सैन्याच्या पेन्शनचे 1961 चे नियम, त्यातला 173 वा. अपंगत्व पेन्शन मिळायची तर दोन उंबरठे ओलांडावे लागायचे. पहिला, अपंगत्व सेवेमुळे झालेलं किंवा सेवेने वाढलेलं हवं. दुसरा, ते 20 टक्के किंवा त्याहून जास्त हवं. मामा दोन्ही ठिकाणी अडला, आणि दुसऱ्या ठिकाणी तर एका टक्क्याने. पुढे फौजींच्या बोलण्यात, ‘सेवेमुळे झालेलं नाही, सेवेमुळे वाढलेलंही नाही’ या शेऱ्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचं ‘नाना’ झालं. पडवीत एखादा हवालदार सांगायचा, “साहब, मेरे में नाना लिख दिया.” आजी आतून ऐकायची. एकदा ती म्हणाली, “ज्या नावाने पोरं यांना हाक मारतात, त्याच नावाने माझ्या पोराची वाट अडली.” नाना त्यावर काही बोलले नाहीत. त्यांनी नवा कागद टाइपरायटरला लावला.

माणसाच्या शरीराला टक्क्यांत मोजायची ही पद्धत आपल्याकडे इंग्रजांच्या हाताने आली. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये लाखो सैनिक लुळेपांगळे होऊन परतले, तेव्हा पेन्शनसाठी कोष्टक बसवलं गेलं. दोन अवयव गेले तर 100 टक्के, हाताची दोन बोटं गेली तर 20. कोष्टकामागचा हेतू चांगला होता. साहेबाच्या मर्जीऐवजी सगळ्यांना एक माप. पण कोष्टकाला बोट दिसतं, त्या बोटाचं काम दिसत नाही. दोन बोटं गेलेला कारकून कसंबसं लिहील, दोन बोटं गेलेला सुतार काय करील? बैठ्या माणसाला गुडघ्यातले पंधरा टक्के फार जड जाणार नाहीत. खांबावर चढून पोट भरणाऱ्याचं मात्र त्याच पंधरा टक्क्यांत आयुष्य संपतं. गमावलेलं शरीर आणि गमावलेली रोजीरोटी ही मापं वेगळी आहेत, आणि बोर्डाच्या टेबलावर एकच माप असतं.

हे ज्यांना कळलं त्यांनी पेन्शनच्या पलीकडे पाहिलं. 1917 साली मुंबईत लेडी विलिंग्डन यांनी अपंग हिंदी सैनिकांसाठी एक तांत्रिक शाळा काढली. तीच पुढे पुण्याजवळ खडकीला गेली, क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट म्हणून. पाय गेलेल्या शिपायाला पैशाइतकीच हातातल्या हुन्नराची गरज असते, हे तिथे शंभर वर्षांपूर्वी ओळखलं गेलं. 1944 साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं. 1974 साली, म्हणजे मामा घरी आला त्याच वर्षी, खडकीत कमरेखाली लुळ्या झालेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र सुरू झालं. त्याच्या दोन वर्षं आधी फौजेच्या ईएमई या तांत्रिक शाखेचा एक जवान, सांगलीकडच्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर, हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले होते. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या होत्या. हे बहुतेक सगळं मराठी मुलखात घडत होतं, आणि गोलबाजारातल्या आमच्या घरात त्यातलं काहीही पोहोचलं नव्हतं. पद्मश्री पेटकरांना मिळाली तीसुद्धा 2018 साली.

मामाने आपला हुन्नर स्वतःच शोधला. फौजेत तारा जोडल्या होत्या, म्हणून तो रेडिओ दुरुस्त करायला लागला. मधल्या खोलीत खिडकीपाशी त्याची बैठक. उजवा पाय वाकत नसे, म्हणून तो एका रिकाम्या चहाच्या खोक्यावर लांब ठेवायचा. मांडीवर उघडा रेडिओ, हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न, आणि खोलीभर जळक्या राळेचा गोड, उग्र वास. शिशाचा थेंब तारेवर पडला की तो हलकेच फुंकर घालायचा आणि थेंब चमकून घट्ट होईपर्यंत श्वास धरून ठेवायचा. मी शेजारी बसून तो थेंब पाहायचो. एकदा मी विचारलं, “मामा, दुखतं का रे?” तो म्हणाला, “थंडीत. आणि रेडिओवर सैनिक भाइयों का प्रोग्रॅम लागला की.”

दुकान काढायला त्याला भांडवल हवं होतं, सरकारी नोकरी हवी होती, एखादी एजन्सी चालली असती. जिथे जाईल तिथे पहिला प्रश्न एकच. अपंगत्वाचा कागद आहे का, आणि त्यावर काय लिहिलंय? तो आकडा नुसत्या पेन्शनचा नव्हता. पुढच्या प्रत्येक दाराची किल्ली तो होता. सार्वजनिक उद्योगांत युद्धात अपंग झालेल्यांसाठी आणि युद्धात पडलेल्यांच्या वारसांसाठी साडेचार टक्के जागा वेगळ्या ठेवलेल्या असतात. अमेरिकेतही माजी सैनिकाला नव्या धंद्याचं शिक्षण हवं असेल तर आधी त्याच्या अपंगत्वाचे टक्के विचारतात. पण तिथे सेवेमुळे आलेलं 10 टक्के अपंगत्वसुद्धा अर्ज करायला पुरतं. नुसत्या टक्क्यांचं बघितलं तर मामाचे 15 तिथे दारात उभे राहू शकले असते.

नानांनी मुलासाठी किती अर्ज केले ते मी मोजले नाहीत, पण प्रतींची चळत वीतभर झाली होती. उत्तरं दोन-तीन ओळींची यायची. मुदत उलटली आहे, अपघाताची नोंद उपलब्ध नाही, निर्णय कायम. नाना गेले तेव्हा टाइपरायटरमध्ये एक अर्धा अर्ज होता. मामा 2005 साली गेला.

त्याच्यामागून कायदा जागा झाला. 2009 पासून सशस्त्र दल न्यायाधिकरण काम करू लागलं. त्याचं एक खंडपीठ आज जबलपुरातच आहे. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंह यांच्या खटल्यात निकाल दिला. हा शिपाईही सिग्नल्सचाच, 1985 ला भरती झालेला, फिट्स येतात म्हणून 20 टक्क्यांवर घरी पाठवलेला आणि सेवेशी संबंध नाही असा शेरा मारलेला. न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस धडधाकट आला होता असंच धरायचं. आजार सेवेमुळे नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, शिपायाची नाही. 2014 साली सुखविंदर सिंह यांच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. ज्याला अपंगत्वामुळे फौजेतून काढलं, त्याचं अपंगत्व 20 टक्क्यांहून जास्त आहे असंच मानायचं. ज्या पायामुळे तुम्ही माणसाची नोकरी घेता, त्याच पायाला किरकोळ कसं म्हणता? त्याच वर्षी राम अवतार यांच्या खटल्याने, 50 च्या आतले टक्के 50 धरायचा नियम मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही लागू केला.

हे निकाल मी वाचले तेव्हा मामाची ट्रंक उघडली. वर त्याचा लष्करी स्वेटर, खाली बोर्डाचा पिवळा पडलेला कागद. भरतीच्या वेळच्या तपासणीची प्रतही होती. तिच्यावर गुडघ्यासमोर एकच शब्द होता, ‘नॉर्मल’. 1965 साली फौजेच्याच डॉक्टरने लिहिलेला. चाळीस वर्षं तो पुरावा आमच्या घरात, स्वेटरखाली, पडून होता. नाना इंजुरी रिपोर्ट शोधत राहिले, आणि ज्या कागदाने काम झालं असतं त्याच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही, कारण तेव्हा रीतच उलटी होती. पुरावा शिपायाकडे मागितला जात होता.

2023 साली अपंगत्वाचे नवे नियम आले आहेत आणि त्यांवर वाद चालू आहेत. काही खोटे दावे होतात, ते रोखलेच पाहिजेत. पण खोट्याला पकडण्यासाठी खऱ्याला दारात उभं करणं हा न्याय नव्हे. नाना सांगायचे तेच खरं. जखम धन्याने बघायची असते.

तुमच्या घरात कुणी फौजेत होतं का? असेल तर त्यांची ट्रंक आज उघडा. भरतीची तपासणी, दवाखान्यातून सुटल्याचा कागद, कॅटेगरीचा कागद, मेडिकल बोर्डाची प्रत, काहीही फेकू नका. प्रत नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला लेखी मागा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा. फार उशीर झाला म्हणून गप्प बसू नका. पेन्शनचा हक्क दर महिन्याला नव्याने जागा होतो, म्हणून उशिरा आलेला दावाही ऐकला जातो. मागची थकबाकी मात्र सहसा दावा लावण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. तेव्हा जितकं थांबाल तितकं गमवाल. आमचा मामा गेला. तुमचा असेल, तर त्याच्यासाठी हा अर्ज या आठवड्यातच लिहा.