आसगावचा सेंटर फॉरवर्ड

बडोद्यात मराठी घरात जन्मलेल्या मुलाच्या वाट्याला दोन गोष्टी आयत्या येतात: क्रिकेट आणि तालीम. सांगलीचे विजय हजारे गायकवाड महाराजांच्या आश्रयाला आले आणि इथलेच झाले. 1947 च्या मार्चमध्ये रणजीच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध त्यांनी गुल महंमदबरोबर 577 धावांची भागीदारी केली, ती कथा मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आलो. राजरत्न माणिकराव आणि जुम्मादादा व्यायाम मंदिर ही नावं तर घरच्या वडीलधाऱ्यांच्या नावांसारखी कानावर पडायची. फुटबॉलबद्दल मात्र कुणी कधी काही सांगितलं नाही. तो मी प्रतापनगरच्या रेल्वे वस्तीतल्या पोरांबरोबर खेळून शिकलो, पुढे व्यायामशिक्षक झालो आणि निवृत्तीनंतर कारेलीबागेत राहायला आलो. आता पाण्याच्या टाकीच्या बाजूला सकाळी पोरांना खेळवतो.

ही पोरं हुशार आहेत. नेदरलँड्सचा मार्को व्हॅन बास्टेन त्यांना तोंडपाठ आहे. 1988 च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, म्युनिकला, सोव्हिएत संघाविरुद्ध अवघड कोनातून त्यानं मारलेली व्हॉली ती मोबाइलवर पुन्हा पुन्हा बघतात. घोट्यानं दगा दिल्यामुळे तिशीतच त्याला निवृत्ती जाहीर करावी लागली, हेही त्यांना ठाऊक आहे. त्यांना मी आणखी एका फॉरवर्डची गोष्ट सांगतो. ती सगळ्यांनाच सांगायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

त्याचं नाव नेव्हिल डिसूझा. गाव आसगाव, तालुका बार्देश, गोवा. जन्म 1932 चा.

बार्देश हा फुटबॉलसाठी साधासुधा तालुका नव्हे. गोव्यात हा खेळ आला तो 1883 साली, आसगावला लागून असलेल्या शिवोलीत. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे आयरिश धर्मगुरू तिथे आले आणि त्यांनी मुलांच्या शिक्षणात फुटबॉल आणला. पुढच्या पन्नास वर्षांत तो गावोगावी मुरला. गोव्यात पोटापाण्याची सोय तोकडी, म्हणून तरुण मुंबई गाठायचे. धोबीतलावाच्या आसपास गोव्यातल्या गावांचे 'कूड' असत. गावातून आलेल्याला तिथे स्वस्तात एक खाट आणि पेटी ठेवण्यापुरती जागा मिळे, जहाजावरची किंवा कचेरीतली नोकरी लागेपर्यंत आधार मिळे. मुंबईच्या फुटबॉलला माणसं पुरवली ती याच जगानं. दुसऱ्या बाजूला कंपन्यांचे क्लब होते: टाटा, कॅल्टेक्स, बर्मा शेल. कूपरेजचं मैदान होतं, 1891 पासून चालत आलेला रोव्हर्स कप होता. चांगला खेळणाऱ्याला कंपनी नोकरी द्यायची आणि तो कंपनीसाठी खेळायचा. बडोद्यात क्रिकेटपटूच्या पाठीशी महाराज उभे राहिले, मुंबईत फुटबॉलपटूच्या पाठीशी कंपनी. नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळला.

त्या काळी फॉरवर्ड पाच असत. लेफ्ट आउट, लेफ्ट इन, सेंटर फॉरवर्ड, राइट इन, राइट आउट. कडेचे दोघे चेंडू आत टाकणार, इनवाले जागा काढून देणार, आणि मधल्यानं गोल करायचा. गोल झाला नाही तर प्रेक्षक शिव्या देणार तेही मधल्यालाच. मी त्याच जागेवर खेळलो, म्हणून हे ठामपणे सांगू शकतो. चेंडूही आजचा नव्हे. आत रबरी ब्लॅडर, वर चामड्याच्या पट्ट्या शिवलेल्या, तोंड वादीनं आवळलेलं. पावसात तो पाणी पिऊन इतका जड व्हायचा की लांबून आलेला क्रॉस डोक्यावर घेताना डोळ्यांसमोर अंधारी यायची. वादीची बाजू कपाळावर आली तर कातडं सोलायचं. बुटांचे स्टडही चामड्याचे. ते चांभाराकडून खिळ्यांनी ठोकून घ्यायचे. खिळा आतून वर आला की सॉक्स रक्तानं भरायचा, आणि मैदान सोडून बाहेर जायची सोय नसायची, कारण बदली खेळाडू नसे.

बूट होते हेही मोठंच म्हणायचं. 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी उतरले. युगोस्लाव्हियानं आपल्याला 10-1 असं हरवलं. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. अनवाणी पायाला चेंडूचा जो अंदाज असतो तो बुटातून पुन्हा शिकावा लागतो. आयुष्यभर अनवाणी खेळलेल्या माणसाला हे किती जड जातं ते मी पोरांना शिकवताना पाहिलेलं आहे. भारतीय संघानं ते चार वर्षांत साधलं. प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. ते मुळात शाळेतले शिक्षक, याचा मला वेगळा अभिमान आहे.

1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकवर हंगेरीतल्या रक्तपाताची सावली होती. सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले, त्याच्या निषेधार्थ नेदरलँड्स, स्पेन आणि स्वित्झर्लंडनं ऑलिंपिकवरच बहिष्कार टाकला. फुटबॉलमध्ये पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती, म्हणजे आधीच्या ऑलिंपिकच्या सुवर्णपदक विजेत्यांशी. त्यांचा फुटबॉल संघ आलाच नाही आणि आपण पुढे गेलो. आपली ती मजल नशिबाची होती असं काही जण म्हणतात. मला ते मान्य नाही, कारण पुढचा सामना कुणी सोडून दिला नव्हता.

1 डिसेंबर 1956. समोर यजमान ऑस्ट्रेलिया. नवव्या मिनिटाला नेव्हिलचा गोल. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोनं बरोबरी केली. तेहेतिसाव्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल. एकेचाळिसाव्या मिनिटाला पुन्हा मॉरो. मध्यंतराला 2-2. दोनदा आघाडी घेऊन दोनदा गमावली की फॉरवर्डचे पाय जड होतात. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत नेव्हिलनं तिसरा गोल केला. शेवटाकडे किट्टूनं चौथा केला. भारत 4, ऑस्ट्रेलिया 2. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई. संघात कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी होते, कडेला पी. के. बॅनर्जी होते, तुलसीदास बलराम होते. त्या नावांची मोहिनी आजही आहे, पण त्या दिवशीचे तीन गोल आसगावच्या माणसाचे होते.

आणि हा माणूस ज्या गावचा, ते गाव तेव्हा भारतात नव्हतं. गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं, मुक्ती 19 डिसेंबर 1961 ची. म्हणजे गोवा भारतात यायच्या पाच वर्षं आधी गोव्याच्या एका पोरानं भारतासाठी ऑलिंपिकमध्ये गोल केले. मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात हे कुणी लिहीत नाही. मी लिहिलं असतं.

उपांत्य फेरीत समोर तोच युगोस्लाव्हिया, चार वर्षांपूर्वी दहा गोल चढवणारा. पूर्वार्धात गोलच झाला नाही. बावन्नाव्या मिनिटाला पहिला गोल झाला तो भारताचा, नेव्हिलचाच. ती आघाडी काही मिनिटंच टिकली आणि शेवटी 4-1 अशी हार झाली. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियानं 3-0 असं हरवलं. भारत चौथा. पण नेव्हिलचे चार गोल झाले होते, आणि स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारे जे तिघं होते, त्यांत बल्गेरियाच्या मिलानोव्ह आणि युगोस्लाव्हियाच्या वेसेलिनोविचबरोबर त्याचं नाव आहे.

आता त्याच काळातला एक डच फॉरवर्ड बघा. फास विल्क्स, रॉटरडॅमचा. 1949 साली तो पैसे घेऊन इटलीत इंटर मिलानकडे गेला, तर मायदेशाच्या संघटनेनं त्याला राष्ट्रीय संघाची दारं बंद केली, कारण तिकडेही हौशी खेळाचं सोवळं होतं. नेदरलँड्सनं व्यावसायिक फुटबॉल मान्य केला 1954 साली. विल्क्स राष्ट्रीय संघात परतला आणि देशासाठी त्याचे एकूण 35 गोल झाले. तो विक्रम 1998 साली बर्गकॅम्पनं मोडेपर्यंत टिकला. डचांनी आपली चूक पाच वर्षांत सुधारली, त्यातून पुढे क्रायफ आला, व्हॅन बास्टेन आला. आपण 1956 ला ऑलिंपिकमध्ये चौथे होतो. आपल्याकडे खेळाडूला नोकरी होती, पण खेळ हाच पेशा करायची वाट कुणी बांधली नाही. कंपनीच्या हजेरीपटावर नाव असलेला माणूस कंपनीचा नोकर म्हणूनच संपतो. त्याच्या गोलांचा हिशोब ठेवायला कुणी नसतं.

नेव्हिलचं तसंच झालं. अर्जुन पुरस्कार 1961 साली सुरू झाले. फुटबॉलमध्ये पहिला पी. केंना मिळाला, पुढच्या वर्षी बलरामना. नेव्हिलला तो कधीच मिळाला नाही. हा अन्याय आहे आणि तो सरळ अन्याय म्हणूनच सांगायला हवा. 1980 साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला.

आमच्या बडोद्यानं हजाऱ्यांना विसरू दिलं नाही, त्यांच्या नावानं आज देशभर करंडक खेळला जातो. गोव्यातल्या आणि मुंबईतल्या फुटबॉल संघटनांना माझी विनंती आहे की पोरांच्या एका तरी स्पर्धेला नेव्हिल डिसूझाचं नाव द्या, आणि बक्षीस द्यायचं ते सर्वांत जास्त गोल करणाऱ्या मुलाला द्या. मेलबर्ननंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये एकदाच खेळला, 1960 साली, रोमला. त्यानंतर आजतागायत नाही.