फुकुमोतो, युताका

(७ नोव्हेंबर १९४७ – ). जपानी व्यावसायिक बेसबॉलपटू. हांक्यू ब्रेव्ह्ज संघाचे सेंटर फिल्डर आणि बेस चोरण्याच्या कलेतील जपानचे सर्वश्रेष्ठ खेळाडू. जन्म ओसाका येथे. मात्सुशिता इलेक्ट्रिकच्या संघातून खेळत असताना १९६८ च्या नवोदित खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्ट) हांक्यूने त्यांना घेतले, तेही सातव्या फेरीत. उंची जेमतेम १६९ सेंमी.; अशा खेळाडूकडून कोणी फार आशा बाळगली नव्हती.

पिचर चेंडू टाकू लागताच, फलंदाजाच्या फटक्याची वाट न पाहता, ९० फुटांवरचा पुढचा बेस धावत गाठणे म्हणजे बेस चोरणे. क्रिकेटमधल्या चोरट्या धावेशी याचे साम्य नावापुरतेच. कॅचरने फेकलेला चेंडू घेऊन क्षेत्ररक्षकाने टिपण्याआधी बेस गाठला पाहिजे, म्हणून सारा निकाल पहिल्या पावलावर ठरतो. हे पाऊल कधी टाकायचे, याचा फुकुमोतो यांनी अभ्यास केला. प्रतिस्पर्धी पिचरचे ८ मिमी. फिल्मवर चित्रण करून ते पुन:पुन्हा पाहत. चेंडू फलंदाजाकडे जाणार की धावपटूला टिपायला पहिल्या बेसकडे वळणार, हे पिचरच्या अंगाच्या बारीकशा सवयीतून त्यांना आधीच उमगे. त्यांचे यश पायांइतकेच या नजरेचे होते.

१९७२ मध्ये त्यांनी एका हंगामात १०६ बेस चोरले. अमेरिकेच्या मॉरी विल्सचा १०४ चा उच्चांक मागे पडला आणि फुकुमोतो लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. प्रतिस्पर्धी नानकाई हॉक्स संघाचे कॅचर व व्यवस्थापक कात्सुया नोमुरा यांनी त्यांना रोखण्यासाठी आपल्या पिचरांना चेंडू टाकण्याची हालचाल आखडती व जलद करायला लावली. पुढे ही पद्धत जपानभर रुळली. एका धावपटूमुळे साऱ्या देशाची पिचिंग बदलावी, हा मान आकड्यांहून मोठा मानावा लागेल. या उपायानंतरही त्यांची आघाडी टिकली; १९७० ते १९८२ अशी सलग १३ वर्षे लीगमध्ये सर्वाधिक बेस त्यांनीच चोरले.

केवळ धावपटू म्हणून त्यांची नोंद करणे अन्यायाचे होईल. २,५४३ हिट, २०८ होमरन, जपानी उच्चांक ठरलेले ११५ ट्रिपल (एका फटक्यावर तिसरा बेस गाठणे) आणि क्षेत्ररक्षणासाठी सलग १२ वेळा गोल्डन ग्लोव्ह, एवढे त्यांच्या नावावर आहे. १९७५ ते १९७७ या तीन वर्षांत हांक्यूने ओळीने जपान सीरिज ही अजिंक्यपदाची मालिका जिंकली.

३ जून १९८३ रोजी ९३९ वा बेस चोरून त्यांनी अमेरिकेच्या लू ब्रॉकचा जागतिक विक्रम मोडला. सरकारने देऊ केलेला राष्ट्रीय सन्मान मात्र त्यांनी नाकारला. तो घेतला तर रस्त्याच्या कडेला उभ्याने लघवीही करता येणार नाही, असे कारण त्यांनी सांगितले.

१९८८ मध्ये मालक हांक्यू कंपनीने संघ विकला. निरोपाच्या भाषणात व्यवस्थापक तोशिहारू उएदा यांनी निवृत्त होणाऱ्या पिचर हिसाशी यामादांबरोबर चुकून फुकुमोतो यांचेही नाव घेतले. चूक दुरुस्त करून घेण्याऐवजी फुकुमोतो खरोखरच निवृत्त झाले. २००२ मध्ये त्यांचा जपानी बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला.

त्यांचा एकूण १,०६५ बेसांचा जागतिक विक्रम १९९३ मध्ये अमेरिकेच्या रिकी हेंडरसनने मोडला. जपानमध्ये तो अबाधित आहे. दुसऱ्या क्रमांकावरील योशिनोरी हिरोसे यांचा आकडा ५९६ आहे.