रॉक 'एन' रोल रेनेगेड

मुंबईच्या 'रॉक मशीन' या हार्ड रॉक बँडचा पहिला अल्बम (१९८८). बँडची स्थापना १९८४ची. गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि बेसवादक मार्क सेल्विन ही त्यातली ठळक नावे. त्या काळी महाविद्यालयीन महोत्सवांत परदेशी बँडची गाणी हुबेहूब वाजवणे हीच कसोटी मानली जाई. श्रोतेही ओळखीच्याच गाण्याची फर्माईश करत. रॉक मशीनने स्वतःची इंग्रजी गाणी रचून वाजवली. या अल्बमचे खरे महत्त्व त्यातच आहे. ठसकेबाज गिटार आणि समूहाने म्हणायची ध्रुवपदे यांवर ऐंशीच्या दशकातील अमेरिकी हार्ड रॉकची दाट छाया दिसते. शब्दांतला बंडखोर पवित्राही उसनाच वाटतो. तरीही धोबी तलावाजवळच्या रंगभवनसारख्या खुल्या रंगमंचावर वाढलेल्या श्रोत्यांच्या पिढीला ही गाणी आपली वाटली. कॅसेटचा तो जमाना होता आणि उपग्रह वाहिन्या यायच्या होत्या, हेही ध्यानात घ्यावे. यापूर्वी मुंबईच्याच 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट'चा 'ऑब्सेशन ७७' निघाला होता. मात्र पुढच्या बँडना स्वरचित गाण्यांचा धीर दिला तो प्रामुख्याने रॉक मशीननेच.

'द सेकंड कमिंग' (१९९०) हा त्यांचा दुसरा अल्बम. १९९३मध्ये बँडने 'इंडस क्रीड' हे नाव घेतले आणि संगीतात भारतीय वाद्ये व ताल आणले. संगीत म्हणून हा उत्तरकाळ अधिक परिपक्व. आठवणींत मात्र पहिला अल्बमच पुढे. १९९७मध्ये विसर्जित झालेला बँड २०१०मध्ये पुन्हा एकत्र आला. 'इव्हॉल्व्ह' हा त्यांचा अल्बम २०१२मध्ये प्रसिद्ध झाला.