प्रस्तावना: पाटी न लागणारा खर्च

मुलांचा कर्करोग दुर्मीळ आहे. आईबापांच्या दृष्टीने ही दिलाशाची गोष्ट. संशोधकाची मोठी अडचणही हीच. एकाच प्रकारच्या ब्लड कॅन्सरची, एकाच वयोगटातली पुरेशी मुले एका रुग्णालयात वर्षानुवर्षे जमत नाहीत, आणि ती जमली नाहीत तर दोन उपचारांपैकी सरस कोणता हे ठरत नाही. म्हणून चार गावच्या डॉक्टरांना तीच औषधे, त्याच मात्रेत, त्याच क्रमाने द्यायचे आणि नोंदी सारख्या ठेवायचे ठरवावे लागते. आमच्या नागपुरातल्या महाल भागातल्या गणपतीच्या वर्गणीसारखाच हा मामला. फक्त इथे पावती फाडून सुटका नाही, हिशेब पुढची पाच-दहा वर्षे ठेवायचा असतो.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाने एमसीपी-841 पासून सुरुवात करावी. परळचे टाटा मेमोरियल, दिल्लीचे एम्स आणि चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट यांनी 1980 च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमधले डॉ. इयन मॅग्रथ यांच्या सहकार्याने ही उपचारपद्धती बसवली. त्याआधी तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाची शंभरातली वीस मुलेही हाती लागत नव्हती. त्यानंतर चार वर्षांनीही रोग न उलटलेल्यांचे प्रमाण 45 ते 60 टक्क्यांवर गेले. जादूचे नवे औषध त्यात नव्हते. हाताशी असलेलीच औषधे ठरल्या क्रमाने दिली आणि जंतुसंसर्ग व रक्तस्राव सांभाळण्याची तयारी वाढवली. नवा उपचार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे नवे इंजेक्शन येते. या क्षेत्राने ती समजूत बरीच खोडून काढली आहे.

एमसीपी-841 चाच पुढचा धागा म्हणजे 2016 मध्ये सुरू झालेला आयसायकल अभ्यास. कोलकाता, मुंबई, दिल्ली, चंडीगड आणि चेन्नई इथली पाच केंद्रे त्यात आली. त्यातला एक प्रश्न असा, की सुरुवातीच्या उपचारात स्टिरॉइडचे दिवस कमी केले तर चालेल का? आपल्याकडे त्या काळात मुले रोगाइतकीच जंतुसंसर्गाने दगावतात. आता औषध कमी कसे देता येईल हे शोधायला कोणती कंपनी पैसे घालणार? असल्या प्रश्नांसाठी सरकारी निधी आणि देणग्या, याखेरीज वाट नाही.

याच ल्युकेमियावर द्यायच्या 6-एमपीच्या (मर्कॅप्टोप्युरिनच्या) गोळीचेच पाहा. गोळी 50 मिलिग्रॅमची, मूल तीन वर्षांचे. डॉक्टर कधी अर्धी लिहून देतात, कधी पाऊण. घरी आई सुरीने तिचे तुकडे करते, चमच्यात पाण्यात कालवते आणि तोंडात घालते. काल पोटात किती गेली आणि आज किती, हे तिलाही सांगता येणार नाही. आणि हे दीड-दोन वर्षे रोज! टाटा मेमोरियल आणि बंगळूरच्या आयडीआरएस लॅब्ज यांनी मिळून या औषधाचे पातळ रूप तयार केले. प्रिव्हॉल नावाने ते 2025 मध्ये बाजारात आले. आता मात्रा सिरिंजने मोजता येते. मला हे संशोधन आयआयटी मुंबई आणि टाटांच्या कार-टी उपचाराइतकेच मोलाचे वाटते. त्या उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली खरी, पण पंधरा वर्षे आणि त्यापुढच्या रुग्णांसाठी. धाकट्यांचा नंबर नेहमीप्रमाणे मागून.

देणगीदाराला यंत्र आवडते, खाट आवडते, कारण त्यावर संगमरवरी पाटी बसते. नोंदी भरणाऱ्या माणसाच्या पगारावर पाटी कुठे लावणार? टाटा मेमोरियलमध्ये एके काळी पाचातले एक कुटुंब उपचार अर्धवट टाकून गावी परतत असे. राहणे, जेवण, प्रवास आणि समुपदेशन यांची सोय झाल्यावर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आले. जे मूल मध्येच निघून गेले, त्याच्यापुरता अभ्यासही तिथेच संपतो. त्या हिशेबाने दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, जिथे विदर्भातली कितीतरी कुटुंबे उतरतात, तीही संशोधनाच्याच खर्चात धरायला हवी. अंदाजपत्रकात ती दिसत नाही, हा भाग वेगळा.

नागपूर या कामात अगदीच उपरे नाही. इंडियन कॅन्सर सोसायटीने 1963 मध्ये मुंबईत सुरू केलेली कर्करोग नोंदणी पुढे नागपुरातही आली. शहरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे; त्यामुळे प्रत्येक वेळी मुंबईची सेवाग्राम एक्स्प्रेस धरावी लागत नाही. नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरच्या कर्करोग केंद्रांच्या जाळ्यामुळे अशा केंद्रांना मोठ्या अभ्यासांत शिरायला दारही उघडले आहे. शिरायचे तर नोंदी ठेवणारी माणसे हवीत, आणि ती दोन वर्षांच्या कंत्राटावर टिकत नाहीत.

पुढचे लेख वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत, तितकेच देणगी समित्यांवर बसणाऱ्यांसाठीही. संख्याशास्त्राचे प्रकरण जड वाटले तर खुशाल शेवटी वाचा. खर्चाचे तक्ते मात्र आधी पाहा, आणि पाचव्या वर्षीच्या फॉलो-अपचा पैसा कोणत्या रकान्यात आहे, की त्याला रकानाच नाही, ते प्रत्येक तक्त्यात शोधा.

महाल, नागपूर