अडीच इंच

2 जून 1932. जॉर्जियात रात्रभर पाऊस झालाय. शेतात नांगर घालायची सोय नाही, म्हणून तुम्ही मॉन्टगोमेरी लेकवर, घरीच ठोकून केलेल्या एका होडीत बसलाय. नाव लेक असलं तरी ओकमल्गी नदीनं वळण बदलताना मागे टाकलेला हा डोह. सोबत विशीतला जॉर्ज पेरी आणि त्याचा एक दोस्त. दोघांत काठी एक आणि आमिषही एकच: क्रीक चब कंपनीची रंगवलेली लाकडी मासोळी, पोटाखाली गऱ्या लटकवलेली. ती पाण्यात धपकन पडते, लाटा काठापर्यंत जातात आणि तरीही काही बिघडत नाही. मासा लागतो. वजन भरतं 22 पौंड 4 औंस, म्हणजे दहा किलोंच्या वर. लार्जमाउथ बासचा हा जागतिक विक्रम. एका मासिकाच्या स्पर्धेत पेरीला 75 डॉलरचं सामान मिळणार आहे. मासा मात्र घरी शिजणार. मंदीचे दिवस आहेत, एवढा मासा कुणी भिंतीवर टांगत नाही.

निघण्याआधी एकदा चहूकडे पाहून घ्या. दुसरी होडी दिसत नाही. पुढचा सगळा प्रवास या एका गोष्टीपायी करायचा आहे.

आता ओहायोतलं ॲक्रन, 1949. स्वयंपाकघराची खिडकी उघडा, नाहीतर डोळे चुरचुरतील. हे रबराचं गाव: गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच, सगळ्यांची धुराडी इथलीच. याच गुडरिचमध्ये 1926 साली वॉल्डो सेमन नावाचा रसायनतज्ज्ञ रबर धातूला चिकटवायला काही मिळतं का ते शोधत होता. टणक, निरुपयोगी समजलं जाणारं पीव्हीसी त्यानं उंच तापमानाला उकळणाऱ्या द्रावकात घोळवलं आणि हाती आली लवचीक, उसळी घेणारी वस्तू. चिकटवायला ती कामाची नव्हती. मऊ प्लास्टिकचं युग मात्र तिथून सुरू झालं.

शेगडीपाशी निक क्रीम उभा आहे. पेशानं यंत्रकारागीर, छंदानं गरवणारा. शेजारी बायको कॉस्मा. पातेल्यात दुधासारखं पांढरं काहीतरी आहे: तेलकट द्रवात मिसळलेली व्हायनिलची पूड, वर रंग. ढवळायचं काम तुमच्याकडे. आधी काहीच होत नाही. मग अचानक पिठलं गाठी धरतं तसं सगळं गोळा होतं आणि आता हे वाया गेलं असं वाटतं. हात थांबवू नका. उष्णता आणखी चढली की गाठी विरतात, पांढरेपणा जातो आणि पातेल्यात दाट, पारदर्शक पाक उरतो. या क्षणी ओतायचं. उशीर केलात तर तो पिवळा पडून करपतो आणि त्याचा धूर नाकातून दिवसभर जात नाही.

साचा खऱ्या गांडुळावरून घेतलेला आहे. निवल्यावर चिमटीनं ओढा. अंगावरच्या वळ्या जशाच्या तशा उतरल्यात, आणि टोकाला धरून हलवलं तर दुसरं टोक आपल्या मर्जीनं हलतं. लाकडाला हे जमलं नसतं. पण खरी करामत पाण्याखाली आहे. बास मासा भक्ष्याला चावत नाही. तो जबडा फाकून पाणी आत खेचतो, त्या ओढीबरोबर भक्ष्य तोंडात जातं. लाकूड टाळूला लागलं की तो तितक्याच झटक्यानं थुंकतो. मऊ, ओलसर काही लागलं तर क्षणभर घुटमळतो. गरवणाऱ्याला हवा असतो तो तेवढाच क्षण. 1951 पासून क्रीम दांपत्य ही गांडुळं टपालानं विकू लागतं. त्यांच्या पहिल्या अवतारात गऱ्या आधीच ओवलेल्या, पुढे मणी, शिवाय चिमुकला पंखाही. वस्तू नवी असली की माणसाला ती सजवल्याशिवाय चैन पडत नाही.

पुढची सोळा वर्षं भराभर ओलांडू. जून 1967, आर्कान्सॉमधला बीव्हर लेक, नव्या धरणाचं पाणी. अलाबामाचा विमा एजंट रे स्कॉट याने भरवलेल्या स्पर्धेत 106 जण प्रत्येकी शंभर डॉलर भरून उतरलेत. लवकरच तो बासवाल्यांची संघटना काढतो. दक्षिणेत धरणांवर धरणं झालीत, मोटारबोटी स्वस्त होताहेत, आणि मासा नेमका कुठे बसतो हे सांगणारी ध्वनियंत्रंही आलीत. 1972 मध्ये स्कॉट स्पर्धकांना बजावतो की मासा जिवंत ठेवा, वजन करा आणि सोडून द्या. या निर्णयाबद्दल त्याचं कौतुक झालं ते रास्तच. पण त्याची दुसरी बाजू फारशी कुणी बोलत नाही. सोडलेला मासा अनुभव घेऊन परततो.

हे डोळ्यांनी पाहायचं तर 1980 मध्ये इलिनॉयच्या रिज लेकवर या, गमबूट घालून. संशोधनासाठी राखलेलं हे छोटं तळं आज पूर्ण उपसलंय. गेली चार वर्षं इथे गरवायला येणारा प्रत्येक जण पकडलेला बास किनाऱ्यावर दाखवायचा. त्याची मोजणी व्हायची, खूण व्हायची आणि तो परत पाण्यात जायचा. एक पठ्ठ्या पहिल्या दोन दिवसांत तीनदा गळाला लागला होता. आता गुडघाभर चिखलातून टोपल्या भरताहेत. सतराशेच्या वर बास निघतात. एकेक हातात घेऊन खूण शोधा. आहे, आहे, आहे... आणि मग एक कोरा. पुन्हा एक. असे सुमारे दोनशे मासे निघतात, जे चारही वर्षं याच पाण्यात असून एकदाही लागलेले नाहीत.

संशोधकांनी लागणाऱ्यांची आणि न लागणाऱ्यांची वेगवेगळी पैदास केली, आणि तीन पिढ्यांत दिसलं की गळाला भुलण्याचा स्वभाव काही अंशी रक्तातूनच उतरतो. नंतरच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. विणीच्या काळात घरट्यावर नर राखण करतो, आणि जो नर जीव तोडून राखण करतो तोच आमिषावर आधी झेपावतो. आपल्याकडे मरळीची जोडी पिल्लांच्या तांबूस थव्यावर पहारा देते, आणि गरवणारे नेमक्या त्या थव्यावर बेडकी टाकतात. त्यांना हे कुणी शिकवायला नको. म्हणजे वर्षानुवर्षं गर्दी जे उचलत राहते ते धीट, तापट मासे. मागे राहतात बुजरे. त्या दोनशे कोऱ्या माशांसाठी जी विद्या तयार झाली तिला अमेरिकेत फिनेस म्हणतात. नाव मोठं नजाकतीचं आहे, पण माझ्या मते जन्म गरजेपोटीचा. भरल्या ताटावर बसलेल्या कुणी ती शोधली नसती.

तिची पहिली पावलं मात्र त्याआधीच पडली होती. कॅन्सस सिटीच्या परिसरात चक वुड्स क्रीमच्या गांडुळाचा तुकडा कापून बारक्या शिशाच्या गरीवर ओवत होता. टेनेसीतल्या लॉरेन्सबर्गचा चार्ली ब्रूअर चार इंची अळी पाण्यात टाकून फक्त हळूहळू चक्री फिरवायचा. ना झटका, ना उडी. काही न करणं हीच त्याची पद्धत होती आणि लोक ती पैसे देऊन शिकत होते.

नव्वदच्या दशकात तुम्ही फुजी पर्वताच्या पायथ्याला, कावागुची तळ्यावर उभे आहात. बास मूळचा इथला नाही. 1925 मध्ये उद्योगपती तेत्सुमा आकाबोशीनं कॅलिफोर्नियातून आणून तो हाकोनेच्या आशी तळ्यात सोडला, आणि तिथून तो देशभर पसरला, काही आपोआप, बराचसा माणसांच्या बादल्यांतून. आता देशात बासची लाट आहे. काठावर हातभर अंतरानं माणूस, पाण्यात भाड्याच्या होड्या एकमेकींना अडखळताहेत. पाणी इतकं नितळ की तळातला दगड मोजता यावा. प्रत्येक माशानं आज सकाळपासून डझनभर आमिषं पाहिलेली. पेरीची लाकडी मासोळी इथे टाकलीत तर शेजारचे वळून पाहतील, मासे नाही.

म्हणून हा तंगूस घ्या, चार पौंडी, केसाइतका. टोकाला शिसं आणि त्याच्या वर वीतभरावर गरी. शिसं खाली, गरी वर, हे आपल्या सवयीला उलटं वाटेल. हारुहिको मुराकामीनं लोकप्रिय केलेल्या या रचनेला जपानात आधी त्सुनेकिची म्हणत, मग डाउनशॉट. गरीच्या टोकाला दोन-तीन इंची अळी फक्त नाकाशी टोचा. टाका. शिसं तळाला टेकलं की तंगूस ताणू नका. काठीचं टोक किंचित थरथरवा, इतकंच की तंगुसाचा झोळ हलेल आणि शिसं जागचं हलणार नाही. खाली अळी एकाच जागी, तळापासून वीतभर वर, थरथरत राहते. ती पुढे येत नाही, पळत नाही, माशाच्या डोळ्यांसमोरून हटत नाही. दहा सेकंद, वीस. हात थांबवायची इच्छा होते, मनगट भरून येतं. मग तंगूस कुणी तरी हलकेच बाजूला नेल्यासारखा सरकतो. झटका मारू नका, चार पौंडी आहे. नुसती काठी उचला.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला हीच युक्ती प्रशांत महासागर ओलांडून कॅलिफोर्नियात पोहोचते आणि अमेरिकन स्पर्धक जपान्यांचे शिष्य होतात. कावागुचीवर मात्र पुढे मऊ प्लास्टिकच्या अळ्यांनाच बंदी येते: तुटलेल्या अळ्या तळाशी साठत होत्या आणि त्या कुजत नाहीत.

बिवा सरोवराकडे वळलात तर पाटी वाचा. 2003 पासून शिगा प्रांताचा नियम आहे की पकडलेला बास पाण्यात परत सोडायचा नाही. तो टाकायला काठावर पेट्या ठेवल्यात. इथला निगोरोबुना, ज्याचं आंबवून फुनाझुशी करतात, आणि इतर स्थानिक मासे बासच्या आणि ब्लूगिल नावाच्या माशाच्या पोटात जात आहेत, म्हणून. रे स्कॉटच्या शिस्तीत वाढलेल्या हाताला ती पेटी उघडताना जड जातं. मला शिगाचं म्हणणं पटतं, तरीही जड जातं. आणि याच बिवात 2 जुलै 2009 रोजी मानाबू कुरिता 10.12 किलोंचा बास काढतो. पेरीच्या माशापेक्षा जेमतेम तीस-एक ग्रॅम जास्त. नवा विक्रम ठरायला निदान दोन औंसांचं अंतर लागतं, म्हणून दोघांची बरोबरी. आमिष होतं जिवंत ब्लूगिल. त्या दिवशी फिनेसला कुणी विचारलं नाही.

शेवटचा थांबा ईशान्य कॅन्ससमधलं एक गावतळं. कॅन्सस विद्यापीठातून निवृत्त झालेला दप्तरपाल नेड केडी इथे अनेक वर्षं गरवतोय आणि आयुष्यभराच्या सवयीनं प्रत्येक माशाची नोंद ठेवतोय. पाच इंची मऊ कांडी घ्या, कात्रीनं मधोमध कापा. अडीच इंच. ती कुत्र्याच्या छत्रीसारख्या चपट्या डोक्याच्या, पावणेदोन ग्रॅमच्या गरीवर सरळ ओवा. यालाच जगभर नेड रिग म्हणतात. या कांडीचं प्लास्टिक पाण्यावर तरंगतं, त्यामुळे डोकं तळाला टेकलं की शेपूट वर उभी राहते.

टाका आणि खाली जाऊ द्या. काही जाणवत नाही? बरोबर आहे. वारा तंगुसाला पोट काढतोय, आणि त्या पोटापलीकडे पावणेदोन ग्रॅम कुठे आहेत ते हाताला कळतच नाही. आयुष्यभर गरवणारे आमिष जाणवावं म्हणून शिसं वाढवतात, महागड्या काठ्या घेतात. इथे जाणवू लागलं तर समजायचं की वजन जास्त झालं. त्यामुळे हात सोडून डोळे कामाला लावा. तंगूस पाण्यात शिरतो ती जागा बघा. तो थोडा जास्त सैल पडला, किंवा बाजूला सरला, की उचला.

इथलं लक्ष्य ठरलेलं आहे: चार तासांत 101 मासे. मोठा मासा मिळावा ही अपेक्षाच नाही. बहुतेक वीत-दीड वितीचे निघतील, आणि भिंतीवरच्या विक्रमांची चटक लागलेल्यांना हा पोरखेळ वाटेल. वाटू द्या. दोन माणसं होडीत बसून बोलताहेत, मध्येच एक जण काठी उचलतो, मासा सोडवतो, आकडा सांगतो, दुसरा लिहितो. पेरीला ही पद्धत वेडगळ वाटली असती. पण त्याच्या डोहावर तो आणि त्याचा दोस्त सोडून कुणी नव्हतं. इथे सकाळपासून सात होड्या येऊन गेल्यात.

दुपारी होडी काठाला लावाल तेव्हा तीच कांडी अजून गरीवर असेल, ताणून लांबलेली, पण शाबूत. ती डब्यात ठेवताना जपा. हे नवं प्लास्टिक वेगळ्या घराण्याचं आहे आणि क्रीमच्या पीव्हीसीशी त्याचं जमत नाही. जुन्या अळ्यांच्या कप्प्यात टाकलीत तर आठवड्याभरात दोन्ही एकमेकांना विरघळवून तळाशी चिकट थर करतील आणि डब्याचा कप्पाही घेऊन बसतील. तिला तिच्याच पाकिटात, आडवी, न दुमडता ठेवा.