१० जानेवारी : हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीतल्या रुग्णांना प्लेगच झाला आहे, हे मूळ गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखले. घाबरलेले लोक मुंबई सोडू लागले. ऑक्टोबरात जीवाणुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन इथे आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या अपुऱ्या जागेत, मोजक्या माणसांच्या मदतीने लसीच्या कामाला लागले.

मांसाच्या सुपात ते प्लेगचे जंतू वाढवत. वर तुपाचे थेंब सोडत. त्या तवंगाला धरून जंतूंचे धागे खाली लोंबत. बाटली हलवली की ते तुटून तळाशी जात आणि नवे फुटत. पुरेशी वाढ झाली की जंतू उष्णतेने मारायचे, की लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली, तीही १० घन सेंटिमीटर. पुढे लोकांना दिलेल्या मात्रेच्या कितीतरी पट. सणसणून ताप आला, तरी ते कामावर राहिले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांनाही लस दिली गेली.

१९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन यांच्या माथी आला आणि ते निलंबित झाले. हा त्यांच्यावर झालेला घोर अन्याय होता. बाटली गावात उघडताना ती दूषित झाली असावी, असे पुढे तज्ज्ञांनी दाखवून दिले. पण दोषमुक्त व्हायला १९०७ उजाडले. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले १९२५ मध्ये.